भाड्यातून हप्ता निघतो का? आधी वहीत मांडून बघ

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही वारज्यात स्वतःच्या वन बीएचकेत राहतो, त्याचं लोन मागच्या वर्षी फिटलं. आता आमच्याकडे मिळून २० लाख आहेत, त्यातले ६ लाख भोरला राहणाऱ्या सासऱ्यांनी त्यांच्या रिटायरमेंटच्या पैशातून दिलेत. धानोरीला एक टू बीएचके रीसेलमध्ये ६५ लाखाला मिळतोय. एजंट म्हणतो २३ हजार भाडं सहज येईल, भाडेकरूही तयार आहे, फक्त रविवारपर्यंत १ लाख टोकन द्या. ऑफिसमधला सहकारी म्हणतो भाड्यातून हप्ता निघतो, टॅक्स वाचतो आणि दहा वर्षांत किंमत दुप्पट होते. आई मात्र म्हणते भाडेकरू घर बळकावतात, आजोबांच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात तेच झालं. आमचा दोघांचा पगार मिळून १ लाख १० हजार हातात येतो, ६० हजार घरात जातात. मुलगी तिसरीत आहे, तिला अभ्यासाला वेगळी जागा नाही पण ते चालून जातं. मला भाड्याने द्यायला घर घ्यायचंय, पण आठवडाभर झोप लागत नाहीये. काय करू?
– वारज्याची एक वाचक

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी हे, रविवारी टोकन देऊ नकोस. बाकीचं सावकाश वाच, नवऱ्याला वाचून दाखव, पण एजंटला आजच सांग की आम्हाला महिनाभर वेळ लागेल. ६५ लाखांचा व्यवहार आणि विचाराला चार दिवस, हे बरोबर नाही. आणि टोकन एकदा दिलं की माणूस घर बघायचं थांबवतो आणि टोकन वाचवायच्या मागे लागतो, हे मी खूप जणांचं बघितलंय. फ्लॅट गेला तर जाऊ दे, धानोरीत टू बीएचके काही संपत नाहीत.

आता वही घे आणि माझ्याबरोबर मांड, कारण तुझ्या पत्रात भाड्याचा आकडा आहे, किमतीचा आकडा आहे, पण मधले आकडेच नाहीयेत आणि नव्याने घर घेणारा नेमका तिथेच अडकतो.

बँक तुला पूर्ण ६५ लाख देणार नाही. ३० ते ७५ लाखांच्या लोनला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणजे जास्तीत जास्त ५२ लाख. १३ लाख तुझे. त्या किमतीत स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बँक धरत नाही, ते वरून खिशातून. पुण्यात स्टँप ड्युटी ७ टक्के पडते, म्हणजे ४ लाख ५५ हजार, फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर ६ टक्के, पण नवऱ्याचं नाव जोडलं की ती सवलत गेली, आणि लोन दोघांचं असलं की बहुतेक जण नाव दोघांचंच लावतात. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. एजंटचा १ टक्का धरला तर ६५ हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी, ती २५ हजारांच्या वर घेता येत नाही पण तेवढी घेतातच. मग रंग, गिझर, पंखे, किचन ट्रॉली, खिडक्यांच्या जाळ्या, बाथरूमचं थोडं काम, दोन लाख तर सहज जातात कारण आजकाल भाडेकरू रिकाम्या भिंती बघून परत जातो. बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क किंवा कर्ज नाही ना याची तपासणी. सगळी बेरीज कर, २१ लाखांच्या वर जाते. तुझ्याकडे २० आहेत, आणि त्यातले ६ तुझे नाहीत.

अजून एक सांगून ठेवते, हे एजंट बहुतेक वेळा सांगतच नाहीत. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना विकणाऱ्याला पैसे देण्याआधी १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या पैशातून आगाऊ इन्कम टॅक्स, आपण कापायचा असतो आणि आपणच सरकारकडे भरायचा असतो. इथे ते ६५ हजार होतात. पूर्ण पैसे विकणाऱ्याला देऊन मोकळी झालीस तर नंतर नोटीस तुला येते, त्याला नाही.

आता हप्ता. ५२ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरला तर साधारण ४५,१०० रुपये महिना. भाडं २३ हजार. म्हणजे तुझा सहकारी म्हणतो ते पहिल्या ओळीतच निम्म्यावर आलं. पण थांब, २३ हजारही हातात येत नाहीत. वर्षातला एक महिना घर रिकामं धर, म्हणजे ११ महिन्यांचे २ लाख ५३ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना ३ हजार धरलं तर ३६ हजार, दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलला आणि एजंटला एक महिन्याचं भाडं दिलं तर वर्षाला सरासरी १२ हजार, प्रॉपर्टी टॅक्सचे १४ हजार समज, आणि दुरुस्तीला १६ हजार. उरले १ लाख ७५ हजार, महिन्याला साडेचौदा हजार. हप्त्यात कमी पडतात साडेतीस हजार, दर महिन्याला, तुझ्या पगारातून. ज्या महिन्यात घर रिकामं त्या महिन्यात हप्ता आणि मेंटेनन्स मिळून ४८ हजार. तुमची महिन्याची शिल्लक ५० हजार आहे. आणि बँकेत तेव्हा काहीच नसेल, कारण ते २० लाख आधीच गेलेले. तुला झोप लागत नाहीये कारण तुझ्या मनाने हे गणित आधीच केलंय, फक्त कुणी तुला ते मोठ्याने सांगितलं नव्हतं.

प्रॉपर्टी टॅक्सवरून आठवलं. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलं की ती मिळत नाही. आधीचा मालक स्वतः राहत असेल तर तो दाखवेल ते बिल सवलतीचं असणार, तुझं जास्त येईल. बिल बघताना हे विचारून घे.

"किंमत वाढेल ना पण" असं तू म्हणशील. वाढेलही. पण किती वाढायला हवी ते बघ. पहिल्या वर्षी तुझ्या हप्त्यांतले साधारण १ लाख मुद्दलात जातात आणि ४ लाख ३८ हजार नुसतं व्याज. भाड्यातून पावणेदोन लाख आले, म्हणजे २ लाख ६३ हजार व्याज अंगावर. शिवाय तुझे २१ लाख एफडीत साडेसहा टक्क्यांनी पडले असते तर त्यांचे वर्षाला १ लाख ३६ हजार आले असते, तेही गेले. मिळून ४ लाख. ६५ लाखांच्या घराची किंमत वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली तर तू नुसती जागच्या जागी राहतेस, त्याच्या वर वाढली तर फायदा. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सव्वासात टक्के झाले. म्हणजे सहकाऱ्याचं शंभर टक्के खरं ठरलं तरी सुरुवातीच्या वर्षांत हातात एवढुसं उरतं, आणि त्यासाठी महिन्याला तीस हजारांचा ताण. हो, भाडं दर वर्षी थोडं वाढतं, हप्ता तेवढाच राहतो, व्याजही कमी होत जातं, त्यामुळे सात-आठ वर्षांनी चित्र बरं दिसायला लागतं, हे मी नाकारत नाही. पण ती सात-आठ वर्षं काढायला हातात पैसा लागतो आणि तुझा सगळा पैसा घरात गेलेला असेल.

मी स्वतः २०१३ मध्ये आंबेगाव बुद्रुकला एक वन बीएचके ३२ लाखांना घेतला, तेव्हा सगळे म्हणायचे पाच वर्षांत पन्नास होतील. २०१९ मध्ये आईच्या ऑपरेशनसाठी विकायला काढला तर चार महिन्यांत दोनच गिऱ्हाईकं आली आणि ३३ च्या वर कोणी बोलेना. शेवटी भावाकडून पैसे घेतले. शेअर किंवा एफडी मोडता येते, घराची एक खोली मोडून विकता येत नाही, हे मला त्या चार महिन्यांत कळलं. आणि मग २०२० आलं. माझा भाडेकरू आयटीतला मुलगा होता, चांगला, वेळेवर पैसे देणारा, मार्चमध्ये लातूरला घरी गेला आणि वर्क फ्रॉम होम झाल्यावर मे महिन्यात फोन करून म्हणाला काकू सामान न्यायला येतो. त्याची काही चूक नव्हती. घर सात महिने रिकामं राहिलं. रिझर्व्ह बँकेने तेव्हा मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सोय दिली होती पण व्याज चालूच होतं, त्यामुळे ज्यांनी ती घेतली त्यांच्या लोनची मुदत लांबली. मी कशीबशी भरत राहिले कारण माझा हप्ता १८ हजार होता. तुझा ४५ आहे. म्हणून तुला इतक्या कळकळीने लिहितेय.

टॅक्सचं थोडक्यात. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते, मग तुझा खर्च कमी झालेला असो की जास्त, आणि लोनचं व्याजही वजा होतं. पण व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल आणि तोटा दिसत असेल तर तो पगारातून वजा करायची सोय इन्कम टॅक्सच्या जुन्या रेजीममध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीत आहे आणि तीही वर्षाला २ लाखांपर्यंतच, नव्या रेजीममध्ये ती अजिबात नाही. तुम्ही दोघं कुठल्या रेजीममध्ये आहात ते आधी बघा. सहकारी बहुतेक जुन्याचं सांगतोय.

आता आईचं. आईला चूक म्हणू नकोस, तिने जे बघितलं ते खरं आहे. पेठांमधल्या वाड्यांत जे भाडेकरू होते ते १९४७ च्या भाडे कायद्याखाली होते, भाडं गोठलेलं, काढता येत नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या तेच कुटुंब, मालकाला वाड्याचं छप्पर दुरुस्त करण्याइतकंही भाडं यायचं नाही आणि भाडेकरूलाही दुसरीकडे जायची ऐपत नसायची, दोन्हीकडची माणसं त्यात भरडली गेली. पण आज आपण घर देतो ते लीव्ह अँड लायसन्सवर. त्यात समोरचा माणूस ठरलेल्या मुदतीपुरता राहण्याची परवानगी घेतो, त्याला भाडेकरूचा हक्क मिळत नाही. मुदत संपूनही तो गेला नाही तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायची वेगळी वाट आहे आणि तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. वेळ लागतो, महिने जातात, ते खोटं सांगणार नाही, पण वाड्यासारखं पिढ्यांचं प्रकरण होत नाही.

मात्र हे सगळं कधी, तर करार रजिस्टर असेल तेव्हा. पुण्यात अजूनही लोक सांगतात की ११ महिन्यांचा करार असला की रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी पुरते. चूक. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि रजिस्टर करावाच लागतो, आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलीये. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रजिस्टर करार नसेल आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल राहणारा माणूस जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर. रजिस्ट्रेशनचे थोडेसे पैसे वाचवायला लोक हा धोका घेतात, मला खरंच समजत नाही. खर्च तरी किती, २४ महिन्यांचा करार, २३ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट धरलं तर एकूण भाडं ५ लाख ५२ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून २० हजार मिळवायचे आणि त्या बेरजेच्या पाव टक्का स्टँप ड्युटी, म्हणजे १,४३० रुपये, आणि शहरात रजिस्ट्रेशनचे १ हजार. हल्ली माणूस बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येतो, आधारवर दोघांचे अंगठे घेतो, रजिस्ट्रार ऑफिसच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन द्यायची, तेही त्याच दिवशी उरकून टाक. करार संपायची तारीख मोबाइलमध्ये दोन महिने आधीची लावून ठेव, संपल्यावर "बघू नंतर" करू नको.

करारात काय लिहायचं, तर भाडं किती तारखेला, दर वर्षी किती टक्के वाढ, नोटिशीचा काळ, सुरुवातीचे सहा महिने कोणी सोडायचं नाही असं असेल तर तसं स्पष्ट, मेंटेनन्स कोण भरणार, लाइटबिल कोण भरणार, जाताना रंगाचे पैसे कापणार का. आणि चावी द्यायच्या दिवशी मोबाइलवर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढ, महावितरणचं मीटर रीडिंग फोटोत घे, गिझर-पंखे-ट्यूबची यादी करून दोघांची सही घे. डिपॉझिट हे आपलं नाही, ते वेगळ्या खात्यात ठेव, किती तरी मालक ते खर्च करून बसतात आणि मग सोडून जाणाऱ्या मुलांना महिनोन्‌महिने फिरवतात, भिंतीवरच्या खिळ्याचे पाच हजार कापतात. तू तसं करू नकोस. कोणी तुला मोठ्या डिपॉझिटवर बिनभाड्याचं, म्हणजे हेवी डिपॉझिटवर दे असं म्हणालं तरी पहिल्या घराला नको म्हण, आठ-दहा लाख एकदम परत करायची वेळ येते तेव्हा ते आपल्याकडे नसतात.

सोसायटीबद्दल दोन गोष्टी. घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवायचं आणि कराराची कॉपी द्यायची एवढंच. आणि मालक राहत नाही म्हणून जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेतात ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, २००१ पासून सरकारचा तसा आदेश आहे. तरी काही सोसायट्या दुप्पट मेंटेनन्स मागतात, बॅचलर चालणार नाहीत असा ठराव करून ठेवतात. घेण्याआधी सेक्रेटरीला भेट आणि सरळ विचार. आणि मी इथे माझं मत सांगणारच, जात-धर्म विचारून, किंवा एकट्या मुली नकोत, नॉनव्हेज खाणारे नकोत असं म्हणून घर नाकारणं मला पटत नाही. गावाहून नोकरीला आलेल्या मुलीला पुण्यात घर शोधताना काय काय ऐकावं लागतं ते मला माहितीये, माझी भाची तीन महिने फिरत होती. पगाराची स्लिप बघ, आधीच्या घरमालकाला फोन कर, कंपनीचं ओळखपत्र बघ. तेवढं पुरतं.

एजंटच्या "२३ हजार" ची खात्री कशी करायची ते पण सांगते, पुढच्या वेळेला उपयोगी पडेल. त्याच सोसायटीत भाड्याने घर हवंय म्हणून दुसऱ्या दोन एजंटना नवऱ्याला फोन करायला लाव, ते भाडेकरूला काय भाव सांगतात तो खरा आकडा. सध्या कोणी राहत असेल तर त्याचा रजिस्टर करार दाखवा म्हण. वॉचमनला विचार किती फ्लॅट रिकामे आहेत, कारण एकाच बिल्डिंगमध्ये निम्मी घरं तुझ्यासारख्यांनी भाड्याने द्यायला घेतलेली असतील तर एकाने भाव पाडला की सगळ्यांना पाडावा लागतो. आणि पाणी. धानोरी-लोहगावच्या बाजूला उन्हाळ्यात टँकर येतात, सोसायटीने एप्रिल-मे मध्ये टँकरवर किती खर्च केला ते हिशेबाच्या वहीत बघायला माग, ते शेवटी मेंटेनन्समधूनच जातं. रिकाम्या महिन्यांचंही वेळापत्रक असतं, मे-जून-जुलैमध्ये शाळा-कॉलेज आणि नवीन जॉइनिंगमुळे घरं पटापट जातात, पितृपक्षात कोणी घर बदलत नाही, त्यामुळे ऑगस्ट अखेरीला घर रिकामं झालं की दसऱ्यापर्यंत बसून राहायची तयारी ठेवावी लागते. कागद वकिलाकडून तपास, विकणाऱ्याचं लोन असेल तर त्याच्या बँकेचं पत्र, इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या रजिस्ट्रेशनचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बिल्डिंगचं कम्प्लीशन सर्टिफिकेट, सोसायटीची नो ड्यूज. यात एजंटचा ओळखीचा वकील नको, आपला वेगळा.

हे सगळं करूनही घर भाड्याने देणं म्हणजे पैसे लावून विसरून जायचं काम नाही. माझ्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्यांच्या छतात पाणी गेलं तेव्हा भाऊबीजेच्या दिवशी खालच्या काकांचा फोन आला होता, त्यांचं छत ओलं होऊन प्लास्टर पडत होतं, त्यांचा राग रास्त होता. फरशी उखडून वॉटरप्रूफिंग केलं, ४० हजार गेले, बारा दिवस भाडेकरूची गैरसोय झाली म्हणून त्याचं अर्धं भाडं सोडलं. वारज्याहून धानोरी म्हणजे शहराचं दुसरं टोक आहे गं, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास जायला. तू कर्वे रोडला की हडपसरला नोकरी करतेस ते लिहिलं नाहीस पण नळ गळतोय म्हणून कोण जाणार, हे दोघांनी आधी ठरवा. नुसतं भाड्याचं उत्पन्न हवं आणि हे काम नको असेल तर ऑफिसच्या इमारतींचे रीट असतात, म्हणजे अनेकांचे पैसे मिळून इमारती घेऊन त्यांच्या भाड्यातला वाटा देणारे फंड, २०१९ पासून आपल्याकडे शेअरबाजारात मिळतात, थोड्या पैशात घेता येतात आणि विकता येतात, भाव मात्र शेअरसारखा खालीवर होतो, हे कळून घे.

आता मी तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्यावर अडकले त्याच्याकडे येते. "मुलीला अभ्यासाला वेगळी जागा नाही पण ते चालून जातं." अगं, तू २० लाख आणि पुढची २० वर्षं अशा घरासाठी द्यायला निघालीयेस जिथे दुसऱ्याच्या मुलाला खोली मिळेल. भाड्याने द्यायला घर हवंच असेल तर ते तुझ्याकडे आधीच आहे, वारज्यातलं वन बीएचके, ज्यावर एक रुपया लोन नाही.

माझा सल्ला असा. आत्ता काहीच घेऊ नका. सासऱ्यांचे ६ लाख त्यांना परत द्या, त्यांचं वय साठच्या पुढे असेल तर पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये त्यांच्या नावावर ठेवा, म्हातारपणाचा पैसा आहे तो, दवाखान्याला लागेल तेव्हा तुझ्या फ्लॅटला गिऱ्हाईक शोधायची वेळ नको. तुमचे १४ लाख आणि महिन्याची ५० हजारांची बचत, दोन वर्षांत हे २६ लाखांच्या पुढे जातात. तेव्हा वारज्यात किंवा शेजारी शिवणे-कर्वेनगर जिथे परवडेल तिथे टू बीएचके स्वतः राहायला घ्या आणि आत्ताचं घर भाड्याने द्या. हप्ता तेव्हाही येईल, कदाचित तेवढाच येईल, मी लपवत नाही. पण फरक बघ. ज्या घराचं लोन आहे त्यात तुम्ही राहताय, ते कधी रिकामं पडत नाही. भाड्याचं घर लोनशिवायचं आहे, ते दोन महिने रिकामं राहिलं तरी कोणाच्या घशात घास अडकत नाही. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर वन बीएचके विकून लोनचा मोठा भाग फेडता येतो. नळ गळाला तर स्कूटरवर दहा मिनिटं. आणि भाडेकरू कसा बघायचा, करार कसा करायचा, सोसायटीशी कसं बोलायचं हे सगळं तू ओळखीच्या बिल्डिंगमध्ये, ओळखीच्या सेक्रेटरीबरोबर शिकशील. त्यातही हप्त्याचे सहा महिन्यांचे पैसे वेगळे ठेवल्याशिवाय सही करू नका, दोन वर्षांऐवजी अडीच लागली तरी चालतील.

तोवर एक काम आहे. तुमच्या बिल्डिंगमधलं वन बीएचके भाड्याने किती जातं ते शेजाऱ्यांना आणि दोन एजंटना विचार, मी आत्ता वर मांडला तसा त्याचा वर्षाचा हिशेब वहीत कर, मेंटेनन्स, टॅक्सची ४० टक्के सवलत जाणार तो फरक, एक रिकामा महिना सगळं वजा करून, आणि तो आकडा मला कळव. आणि मुलीसाठी या शनिवारी भिंतीला लागणारं फोल्डिंग टेबल घेऊन ये, खिडकीजवळ लाव, दोन वर्षं कशाला थांबायचं तिने.

– ताई